वाढत्या अंगाचा स्टोव्ह
ओल्या वर्तमानपत्राला राख लावून मी खोली उबदार ठेवणाऱ्या, लाकडं जाळायच्या स्टोव्हची काळी काच पुसत होते. धुराचा कडवट वास नाकात गेला आणि इथलं, ग्लासगोतलं ते स्टोव्हचं दुकान आठवलं. तेव्हा सुहासचा नि माझा, नव्या नवरा-बायकोचा, इथला पहिला हिवाळा होता.

"घरात किती जण?" म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं.

"सध्या दोघंच," सुहास म्हणाला.

खोलीची मापं बघून दुकानदाराने छोटा स्टोव्ह दाखवला. एवढ्याशा खोलीत मोठा मंद ठेवावा लागतो, मग तो नुसता धुमसतो, म्हणाला. सुहास मराठीत पुटपुटला, "अगं, वाढत्या अंगाचा घेऊ. मुलं होतील, आई-बाबा येऊन राहतील." शाळेचा गणवेश घ्यावा तसा आम्ही दोन मापं मोठा घेतला. तिथल्या पेटत्या स्टोव्हवर हात शेकत मी किती हसले होते!

मूल झालं नाही. आई-बाबांना व्हिसा मिळाला नाही. गेल्या हिवाळ्यात सुहासही हार्ट अटॅकने गेला. आता स्टोव्ह नीट पेटवला तर उकाड्याने खोलीत बसवत नाही, मंद ठेवला तर काच काळी होते.

आज सकाळी स्टोव्हचं धुराडं साफ करणाऱ्यानेही विचारलं, "घरात किती जण?"

"एकटीच," मी म्हटलं. 'सध्या एकटीच' म्हणायचं मला सुचलंही नाही.