अस्वलाच्या कातडीत वानराची चाल

अस्वलाचा पोशाख चढवून मी शेतात वानरासारखा चाललो, ही माझी चूक. चुलतभावाच्या हातातली कुऱ्हाड जरा लवकर खाली आली असती, तर हे लिहायला मी उरलो नसतो.

देऊळघाटच्या अलीकडे आमचं शेत. हरभऱ्याचे घाटे भरले की वानरांची टोळी उतरते. फटाके झाले, गोफण झाली, बुजगावणंही झालं. त्याच्या खांद्यावर बसून ती आरामात घाटे सोलतात. मग मोबाइलवर पाहिलं की अस्वल बनून हिंडलं की वानरं पळतात. पोशाख मागवला. बायकोचं म्हणणं होतं की घालायचाच तर घाला, पण गुमान एका जागी उभे राहा. मी पडलो प्राणिशास्त्राचा पदवीधर. अस्वल चार पायांवर चालतं, तर मीही चालणार, आणि शास्त्रशुद्ध चालणार.

आता अस्वल काही मोबाइलसमोर चालून दाखवत नाही. म्हणून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाणाऱ्या वानरांचंच चित्रण केलं आणि ते सावकाश फिरवून पाहिलं. मागचा उजवा पाय टेकला की त्यानंतर पुढचा डावा हात टेकतो. गायीचं, कुत्र्याचं तसं नसतं. मागच्या उजव्यानंतर त्याच बाजूचा पुढचा पाय पडतो. शिवाय वानर वजन मागच्या पायांवर ठेवतं आणि हात चाचपत पुढे टाकतं. फांदीवरच्या जिवाला तेच बरं: पुढची फांदी मोडली तरी मागची पायांनी धरलेली असते. मला हे इतकं आवडलं की अंगणात सराव करून मी ती चाल घोटली. अस्वलाची चाल गायीच्या पद्धतीची, हे तेव्हाही ठाऊक होतं. हौसेत विसरलो.

सकाळी हरभऱ्यात शिरलो. माणसाचे पाय हातांपेक्षा लांब, त्यामुळे ढुंगण आभाळात आणि तोंड ढेकळांत. मुखवट्यात स्वतःच्याच श्वासाची वाफ. बाभळीवरून थोराड हुप्प्या उतरला, धुऱ्यावरून माझ्या शेजारून चालत गेला, मागचा उजवा, पुढचा डावा, अगदी माझ्यासारखा, आणि समोर बसून घाटे खाऊ लागला. मी गुरगुरलो. त्यानं कूस खाजवली.

मग एकाएकी तो खॅक् करून ओरडला आणि सगळी टोळी झाडांवर. माझी छाती फुगली. तेवढ्यात मागून दबका आवाज आला.

"हालू नका बे कोनी. एकटंच हाय."

वळलो, तर चुलतभाऊ. गेल्या वर्षी अस्वलानं त्याचा खांदा फाडला होता, तेव्हापासून तो कुऱ्हाडीशिवाय शेतात पाऊल टाकत नाही. सोबत लाठ्या घेतलेले दोन गडी. मी त्याला हाक मारली. जाड मुखवट्यातून बाहेर पडली ती नुसती घरघर. पोशाखाची चेन पाठीवर, आणि पंजांत अडकलेली माझी बोटं तिच्यापर्यंत पोचेनात. उभं राहावं म्हणून कंबर अर्धी उचलली, तर गडी मागे सरले आणि भाऊ पुढे आला. अस्वल झडप घालायच्या आधी असंच उभं राहतं. मी झटकन हात टेकले.

आता चाललो तरी जनावर आणि उठलो तरी जनावर. पळालो असतो तर पाठीत कुऱ्हाड. मुखवट्याच्या भोकांतून मला फक्त तिचं पातं आणि भावाचे पाय दिसत होते. त्याची बोटं मातीत रुतलेली. तो वजन पुढे घेत होता.

आणि मग मला गुडघे आठवले. वानर असो, गाय असो की अस्वल, चालताना गुडघा कोणीच भुईला टेकवत नाही. लांब पायांचा हा घोळ फक्त आपला. मी दोन्ही गुडघे ढेकळांत टेकवले आणि तान्ह्या पोरासारखा भावाच्या दिशेनं रांगू लागलो. पातं वरच होतं. हरभऱ्याची खोडं गुडघ्यांत घुसत होती. थांबायची हिंमत नव्हती. पातं एकदा हललं, मी डोळे मिटले आणि रांगतच राहिलो. डोकं त्याच्या पायांना लागलं तेव्हा थांबलो.

मग कोणीतरी मुखवटा धरून ओढला आणि माझ्या तोंडावर ऊन पडलं. गडी मटकन खाली बसले. माझा मात्र विद्येचा मोह सुटेना. धाप लागलेली असतानाच मी म्हणालो, "गुडघ्यावरून वयखलं ना तू मले?"

भावानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

"म्या कुठं वयखलं? मले वाटलं, अस्वल येडं हाय. येड्याले काय मारा."