स्थलांतरित असा शेरा

१२ डिसेंबर. गरोदर बायांची यादी तपासून दुपारच्या आत तालुक्याला पाठवायची होती. शिरूर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांतल्या आशा सेविका जे लिहून आणतात, ते जुळवून पुढं धाडणं हे माझं काम. एका नावापुढं शेरा होता, 'स्थलांतरित'. खाली माझीच सही, आठवड्यापूर्वीची.

बाई आठवली. ऊसतोडीच्या टोळीतली, पहिलटकरीण, आठवा महिना. पंधरा दिवसांपूर्वी रक्तदाब वाढलेला होता, पायांवर सूज होती. आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि परत बोलावलं. ती आलीच नव्हती.

टोळी मांडवगण फराट्याच्या शिवारात उतरली होती. त्या भागातल्या आशाला फोन लावला.

"टोळी गेली ताई. पाचटाच्या कोप्या बी उपटल्या. मग काय लिहू, हाय म्हनून?"

"कुठं गेली?"

"नदीपल्याड. राहूच्या अंगाला म्हनत व्हते."

नदीपल्याड म्हणजे दौंड तालुका. तिथं माझंच काम करणारी बाई ओळखीची, तिला फोन लावला. ती म्हणाली, "तुमच्याकडनं नाव आलंय का? मग माझ्या वहीत काय उडत येईल?" आणि हसली.

मला हसू आलं नाही. आमच्याकडं शेरा मारला की नाव मिटतं. ते पलीकडं चढलं का, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. गोळ्या संपून आठवडा झाला होता. अशा बाईला झटके आले की काय होतं, ते मी एकदा पाहिलंय.

रक्तदाबाचं यंत्र पिशवीत टाकलं आणि स्कूटी काढली. राहूच्या आसपास ऊसतोडीचे तीन फड पालथे घातले. तिसऱ्या फडात एक म्हातारा म्हणाला, "कालव्यापल्याडच्या टोळीत सकाळी एक बाई पडली म्हनं."

"कोणती बाई?"

"त्ये काय ठावं न्हाई."

कालव्याच्या वाटेवर दोनदा गाडी घसरली. मी सावकाश चालवत नव्हते.

ती तिथंच होती, मोळी बांधत. पडलेली तीच. तोंड सुजलेलं.

"डोकं दुखतंय?"

"लई. डोळ्यापुढं चमकतंय."

दंडाला पट्टी बांधली. वरचा आकडा एकशे सत्तर. यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा लावली. तेवढाच.

मुकादम आला. "बाई, हिला नेली तर कोयता मोडतो." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात.

"मग हिच्या जागी तुम्ही बसा मोळ्या बांधायला."

"त्यांस्नी चोळीची गाठ मारता यायची न्हाई, मोळीची कुठली!" मागून एक बाई ओरडली. सगळा फड हसला. पहिलटकरणीचा नवरा तेवढा हसला नाही. त्यानं हातातला कोयता टाकला आणि कोपीतून चादर आणली.

रुग्णवाहिकेला फोन केला, ती यायला पाऊण तास लागला. तिला डाव्या कुशीवर झोपवून मी शेजारी बसले. तिची बोटं जरा हलली तरी मी वाकून तिचे डोळे बघायचे. गाडीत चढवताना ती म्हणाली, "ताई, माझी कळशी ऱ्हायली." नवरा सोबत गेला. कळशी मी शेजारच्या कोपीत ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात फोन केला. झटका आलेला नव्हता. बाळाचे ठोके लागत होते. नर्स म्हणाली, "दोन दिवस काही सांगता यायचं नाही."

फोन ठेवून वही उघडली. 'स्थलांतरित' शेऱ्याची आणखी तीन नावं निघाली. तिन्हींखाली माझी सही. ती कागदावर उतरवून घेतली आणि त्याच आशाला फोन केला, "चपला घाल आणि फाट्यावर उभी राहा. मी निघालेय."