जिवंतांची चिठ्ठी

पायदळात चोवीस वर्षं काढून नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि दुबईच्या जबल अलीत एका वेअरहाऊसचा सिक्युरिटी सुपरवायझर झालो. युनिफॉर्म बदलला, खोड बदलली नाही. पहाटे साडेपाचला कंपनीच्या बसमधून गार्ड उतरले की मी त्यांना रांगेत फॉल-इन करून हजेरी घ्यायचो. बाकीच्या साइटवर मशीनवर अंगठा टेकवून सगळे मोकळे होत. माझ्याकडे नाव घेतलं की खणखणीत 'यस सर' आलं पाहिजे, हा माझा हट्ट.

तेस्फाये एकटा ओ द्यायचा नाही. हा इथिओपियाचा, पन्नाशी ओलांडलेला. वीस वर्षं आखातात काढल्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. नाव घेतलं की नुसता हात वर करायचा. ड्यूटीला चोख. दर तासाला रेडिओवर त्याचा आवाज यायचा, "कंट्रोल, गेट थ्री. ऑल ओके. ओव्हर." मग हजेरीलाच काय धाड भरायची?

एका गुरुवारी माझ्या डोक्यात तिडीक गेली. बावीस जणांसमोर त्याला पुढे काढलं आणि तीनदा त्याचं नाव पुकारलं. जानेवारीच्या गारव्यात तो घामाने निथळत होता. मी बाकीच्यांना फॉल-आउट दिलं, त्याला केबिनमध्ये नेलं, पाणी दिलं.

तिथे त्याने सांगितलं. अठराव्या वर्षी त्याला सक्तीने फौजेत भरती केलं होतं. त्याच्या देशावर तेव्हा कम्युनिस्ट लष्कराची राजवट होती. त्याला एका डोंगरी गावातल्या तुरुंगावर पहाऱ्याचा संत्री म्हणून लावलं. एका पहाटे ऑफिसरने यादी वाचली. अकरा नावं. ज्याचं नाव येई तो ओ देऊन बाहेर येई. दुसऱ्या तुरुंगात हलवतोय, असं कैद्यांना सांगितलं होतं. ट्रक टेकडीमागे गेला. तेस्फाये त्याच ट्रकमध्ये होता.

"फायर किया?" मी विचारलं.

"नहीं, साब. कॉर्डन में था." पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "लेकिन साब, कॉर्डन भी तो..."

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. कॉर्डनला मीही उभा राहिलेलो आहे. आतला कोणी निसटू नये म्हणून तो वेढा असतो, ते मला ठाऊक आहे.

मग त्याने दुसऱ्या दिवसाची सुट्टी मागितली. त्यांची मंडळी शुक्रवारी एका हॉलमध्ये प्रार्थनेला जमत. त्या राजवटीत मारल्या गेलेल्यांसाठी वर्षातून एकदा खास प्रार्थना होई, ती उद्या होती. दर शुक्रवारी प्रार्थनेआधी प्रत्येक जण पाद्र्याला दोन चिठ्ठ्या देतो. एकीवर घरातली जिवंत माणसं, दुसरीवर गेलेली. पाद्री दोन्ही वाचतो. दुबईतल्याच देरा भागातल्या एका सलूनमध्ये काम करणारी अल्माझ नावाची बाई तिथे यायची. तिचे वडील मुलुगेता, शाळामास्तर. ती तीन वर्षांची असताना त्यांना पकडून त्याच तुरुंगात टाकलं. नंतर ना बॉडी मिळाली, ना कागद. आई वाट बघत बघत गेली. अल्माझ दर शुक्रवारी वडिलांचं नाव जिवंतांच्या चिठ्ठीवर लिहायची.

"लिस्ट में चौथा नाम," तेस्फाये म्हणाला. "साब, बोलूँ कि नहीं?"

आपल्याकडे नवरा बेपत्ता झालेली बाई वर्षानुवर्षं कुंकू पुसत नाही, तसंच हे. मला आमच्या सेक्शनचा जवान आठवला. बर्फात गेला होता. त्याला खाली आणायला दोन दिवस लागले, पण आणला आणि बापाच्या हवाली केला. बापाने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. निदान तेवढं त्याला मिळालं.

"बोल," मी म्हणालो. "मैं साथ में आता हूँ." यात माझा मोठेपणा नव्हता. सकाळच्या वागण्याची मला लाज वाटत होती.

शुक्रवारी दहाला आम्ही हॉलच्या आवारात पोहोचलो. अल्माझ पांढरी शाल पांघरून दाराशी चपला काढत होती. तेस्फाये सावधानमध्ये उभा राहिला आणि त्यांच्या भाषेत बोलू लागला. काय बोलणं झालं ते त्याने परतताना मला शब्दन् शब्द सांगितलं. पण त्या वेळी मला तिचा चेहरा दिसत होता, तेवढा पुरे होता.

मध्येच ती माझ्याकडे वळली. हिंदीत विचारलं, "आप कौन?"

"इसका अफसर."

"उस दिन भी एक अफसर था," ती म्हणाली.

तिने त्याला विचारलं, वडील काही बोलले का? तो म्हणाला, फार थंडी होती. मास्तरांना सगळं कळलं होतं. त्यांनी अंगातला कोट काढून मला दिला आणि म्हणाले, पोरा, तू कुडकुडतोयस.

"घातलास?"

"हो. दोन हिवाळे."

मला वाटलं, आता ही याच्या थोबाडीत मारणार. मारलं असतं तर मी मध्ये पडलो नसतो. तिने पर्स उघडली. दोन चिठ्ठ्या तयार होत्या. गेलेल्यांच्या चिठ्ठीवर आईचं नाव होतं. त्याखाली, पर्सवरच कागद धरून, तिने वडिलांचं नाव लिहिलं. दुसरी चिठ्ठी तिने चुरगळली. तिच्यावर तेवढं एकच नाव होतं.

"आत ये," ती त्याला म्हणाली. "पण माझ्या मागे उभा राहू नकोस."

तो पुढे जाऊन उभा राहिला. मी दाराशी. पाद्र्याने आधी जिवंतांची नावं वाचली, मग गेलेल्यांची. मुलुगेता हे नाव आलं तेव्हा तेस्फायेने कपाळ जमिनीला टेकवलं. अल्माझ ताठ उभी होती. शालीचा पदर तिने तोंडात कोंबला होता.

परतताना बसमध्ये सगळं सांगून झाल्यावर तो जबल अली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. उतरायच्या आधी म्हणाला, "साब, बाकी दस अभी भी कहीं ज़िंदा की चिठ्ठी में होंगे."