काकींच्या शेडवरची कुत्री

दादाच्या एकांकिकेत मी म्हातारी, आंधळी कुत्री झाले होते. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये ड्युटी करायचा आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहायचा. टाकून दिलेली कुत्री निवाऱ्यात मालकांची वाट बघतात आणि कुणीच येत नाही, एवढीच त्यातली गोष्ट.

तालमींसाठी तो आम्हा नाटकातल्या सगळ्यांना पडघ्याच्या रस्त्याला एका काकींकडे घेऊन गेला. काकी विधवा, मूलबाळ नाही. नवऱ्याच्या शेतात पत्र्याची शेड टाकून हायवेवर जखमी झालेली कुत्री सांभाळायच्या. "माज्या कुत्र्यांचं काय नाटक करताव?" म्हणाल्या, आणि लगेच चटई अंथरली. तिथल्या एका आंधळ्या कुत्रीशेजारी मी बसून राहायचे. फाटक वाजलं की नवी कुत्री धावत सुटायची, जुनी नुसता कान हलवायची. ही आंधळी मानसुद्धा उचलायची नाही. स्टेजवर मी तेवढंच केलं.

प्रयोग काकींच्याच गावातल्या गणपतीत झाला. आम्ही रांगत आलो तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या, पण शेवटी मांडव गप्प झाला. बायका डोळे पुसत होत्या. काकींचा थोरला पुतण्या गावातला वजनदार माणूस. तो माईकवर म्हणाला, "मुक्या जिवांना आपनच आधार द्याय पायजे." टाळ्या पडल्या. काकी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.

दिवाळीनंतर काकींना अर्धांगवायूचा झटका आला. पुतण्यांनी त्यांना घरी नेलं. आम्ही कुत्र्यांसाठी भात घेऊन शेडवर गेलो, तर शेडच नव्हती. जेसीबीने जमीन सपाट केली होती. वॉचमन म्हणाला, "कुत्तों को टेम्पो में भरके हायवे पे छोड दिया. इधर गोदाम बनेगा."

पुतण्यांना कुणीतरी जाब विचारावा म्हणून आम्ही गावात घरोघर गेलो. मांडवात सगळ्यांत जास्त रडलेली बाई दारातूनच म्हणाली, "त्यांच्या घरचा मामला हाय बाय, आमी कशाला बोलू?" मंडळाच्या अध्यक्षांनी चहा पाजला आणि विषय बदलला. दादा रोज शिफ्ट सुटली की स्कूटरवरून हायवे पालथा घालायचा. काही कुत्री रस्त्यावर चेंदामेंदा झालेली दिसली. आंधळी दिसलीच नाही.

मग आम्ही काकींना भेटायला गेलो. थोरल्या पुतण्याच्या नव्या बंगल्यात, मागे पाण्याच्या मोटरीशेजारच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं. अंगाखालची चादर ओली होती. पुतण्याची बायको नाकाला पदर लावून उंबऱ्यातच उभी राहिली. मी चादर बदलायला लागले तेव्हा म्हणाली, "राहू द्या, सकाली बाई येते."

काकींचं तोंड वाकडं झालं होतं. खूप झटून त्यांनी एकच शब्द काढला, "कुत्री?"

"बरी आहेत, काकी," दादा म्हणाला. "पोटभर खातात."

त्यांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. दादाला तिथे उभं राहवेना. तो बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

होळीच्या आधी काकी गेल्या. आम्हाला कळलं तेव्हा त्यांचं दहावंही होऊन गेलं होतं.

पुढच्या गणपतीला मंडळाचा फोन आला. "यंदा जरा हसायचं काय तरी आना, मागल्या टायमाला लोकं लय रडली."

दादा "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला. आम्ही गेलो नाही. त्याने पुन्हा नाटक लिहिलंही नाही.