अंतिम टप्प्यातल्या चाळीस खोल्या

विद्यापीठात त्याला सगळे तारवाला म्हणत. सोळा वर्षांपूर्वी तो भिंतींना भोकं पाडून तारा ओढायला आला, आणि मांडीवर शब्दकोश घेऊन जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचत वाचत कॉम्प्युटरचं सगळं जाळं एकट्याने सांभाळायला लागला. पदवी नाही, म्हणून करार अकरा महिन्यांचा. काम मात्र बारा महिने.

जाळ्यावरच्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक आकडी पत्ता लागतो. असे पत्ते विद्यापीठाला फार पूर्वी मिळाले, ते मोजकेच. प्राध्यापकांनी दोन-दोन बळकावले. प्रिंटरांना मिळाले. बंद प्रयोगशाळेत धूळ खात पडलेल्या खोक्यांनाही मिळाले. मागच्या उतारावर झाडूवाले, माळी, पहारेकरी यांच्या चाळीस खोल्या. तिथे फोनला धड रेंज नाही, म्हणून इंटरनेटसाठी दरवर्षी अर्ज. उत्तर द्यायला कॉम्प्युटर विभागाचे साहेब तारवाल्याला पुढे करत.

"मावशी, पत्ते संपलेत," तो सांगायचा.

मावशी म्हणजे ग्रंथालयाची लादी पुसणारी. "संपले तर संपले, बाबा. तू काय ते खिशातून काढणार आहेस?" म्हणून तीच उलट त्याची समजूत काढायची.

तिची लेक घरून पदवी करत होती. धडे इंटरनेटवर, परीक्षाही इंटरनेटवर. ग्रंथालयाच्या पायरीवर बसून ती अभ्यास करायची. वरून दम आला तसं पहारेकऱ्याने तिला उठवलं. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तिने रेंजसाठी खोलीमागच्या टाकीवर चढून दिली, आणि इंटरनेट अर्ध्यात तुटलं. तिने नाद सोडला. आता औषधांच्या गोदामात खोकी बांधते.

यंदा नव्या पद्धतीचे पत्ते आले. इतके, की आवारातल्या झाडांच्या पानापानाला एकेक वाटला तरी सरायचे नाहीत. "आराखडा कर," साहेब म्हणाले. "आधी कुठली इमारत, मग कुठली, जुनी पद्धत कधी बंद." तारवाला दोन महिने जिने चढला, कपाटांमागे डोकं घालून प्रत्येक यंत्राची नोंद केली. आणि पहिल्या टप्प्यात, कुलगुरूंच्या कचेरीच्याही वर, त्याने चाळीस खोल्या लिहिल्या.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय घुसडलंस?"

"साहेब, आता पत्ते कमी नाहीत."

"तेव्हा तरी कुठे अडलं होतं? अतिथिगृहाच्या सगळ्या खोल्या एका पत्त्यामागे कुणी बसवल्या? मी?"

त्यानेच बसवल्या होत्या. एकाच पत्त्यावर सगळ्यांचं इंटरनेट, एका दुपारात. पाहुणे यायचे होते. ते करताना त्याला उताराची आठवण झाली होती आणि ती त्याने गिळली होती.

"मग आपण त्यांना 'नाही' कशाला म्हणत होतो?"

"आज तार दिली की उद्या गळकं छप्पर, परवा कायम नोकरी. मागण्यांना अंत असतो का? नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं. आणि तुझ्या तोंडून ते खरं वाटायचं. तू त्यांच्यातलाच."

साहेबांनी ती ओळ खोडून तळाला लिहिली: अंतिम टप्पा. पुढे साल नाही. साल नसलेला टप्पा म्हणजे काय, हे करारावरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आराखडा तयार करणाऱ्याची सही हवी होती. पुढच्याच महिन्यात करार संपत होता. त्याने सही केली.

ग्रंथालयात मावशी पोछा पिळत होती. शिपायांकडून तिला बातमी लागली होती. "नवीन आले म्हणे रे. आता तरी संपायचे नाहीत ना?"

"मावशी, तेव्हाही संपले नव्हते."

तिला वाटलं थट्टा करतोय. मग त्याने अतिथिगृहाचं सांगितलं. आजच्या सहीचंही सांगितलं. मान वर न करता.

तिने पोछा बादलीत सोडला. "लेक म्हणायची, आई, ते बनवतात आपल्याला. मी तिला झापलं होतं. म्हटलं, साहेब बनवतील, तारवाला नाही बनवायचा."

त्याने माफी मागायला तोंड उघडलं.

"मला नको सांगूस. सहाला ती गोदामातून येते. तिला येऊन सांग."

सहा वाजता तो उतारावर गेला. लेकीने उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. बोटांना खोक्यांची चिकटपट्टी लागली होती, ती सोलत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "आईला कशाला सांगितलंत? तिचा तुमच्यावर तरी भरवसा होता."