गजाननरावांच्या पाइपचा खड्डा

सुलभाताईंच्या घरात देवापेक्षा जास्त सोवळं एकाच वस्तूला होतं: नवऱ्याच्या तंबाखूच्या पाइपला. गजाननराव सिल्वासात हेडक्लार्क होते, तेव्हा साहेबाचं बघून लागलेलं हे खूळ. नोकरी संपली, खूळ काही संपलं नाही.

लेक शीतल खानवेलला दिलेली, पहिलटकरीण. "आई, नववा लागला की ये हं." जायच्या आधी नवऱ्याला जरा खूश करावं म्हणून ताईंनी घात केला. पाइपच्या आत वर्षानुवर्षांचा काळा थर होता. कोकणातली बाई, काळं भांडं दिसलं की हात शिवशिवणारच! ताईंनी चिंच लावून काथ्याने पाइप आतून घासला, लाकूड लख्ख काढलं. तो थरच लाकडाला जपत होता, हे त्यांना कोण सांगणार? दुसऱ्याच दिवशी पाइप आतून जळला आणि बुडाशी खड्डा पडला.

गजाननराव ओरडले नाहीत. ओरडणारी माणसं परवडली. "खड्डा बुजव, मग खुशाल जा," एवढंच म्हणाले.

कृतीही त्यांनीच सांगितली: राखेत अंड्यातलं पांढरं कालवून लिंपायचं आणि चांगलं वाळू द्यायचं. जन्मात अंड्याला न शिवलेल्या बाईने नाक दाबून ते कालवलं, करंगळीने आत लिंपलं. गजाननरावांनी पाइप पेटवला, तोंड वाकडं केलं. "पोपडा सुटला. पुन्हा कर." पुन्हा लिंपलं, पुन्हा पोपडा. शीतलचा फोन आला की ताई म्हणायच्या, "उद्या नक्की येते गं." खानवेलची बस रोज दारावरून जायची.

एका दुपारी त्या चहा घेऊन गेल्या, तर गजाननराव चाकूच्या टोकाने आतलं लिंपण खरवडत बसलेले. लाज? नावालाही नाही. "तू गेलीस तर माझ्या जेवणाचं कोण बघणार?"

ताईंनी कप तिथेच ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात फोन वाजला. शीतलला पहाटेच मुलगी झाली होती.

"सासूबाई होत्या जवळ. तू आता येऊ नकोस आई. बाबांचा पाइप सांभाळ."

"बरं झालं, सुटली पोर," गजाननराव म्हणाले. "आता तुझं काय काम तिथे?"

ताई मोरीकडे गेल्या. फरशीच्या भेगांसाठी आणलेलं पांढरं सिमेंट कालवलं, पाइप काठोकाठ भरला, वरून करंगळी फिरवली. वाळून दगड झाल्यावर काडेपेटीसकट नवऱ्यापुढे ठेवला.

"घ्या. आता जन्मात जळणार नाही."

आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. जायला दुसरीकडे कुठे उरलंच नव्हतं.