फुलोऱ्यातला ताप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, इन्फ्लुएंझा आहे आणि तो फुप्फुसात उतरला आहे. माझाही स्वॅब, म्हणजे नाकातून घेतलेला नमुना, पॉझिटिव्ह आला. यांना आयसीयूत नेलं, मला वरच्या मजल्यावर विलगीकरणात.

इन्फ्लुएंझा म्हणजे फ्लू. तो दरवर्षी पावसाळ्यात येतो, थंडीत येतो. बहुतेकांचा आपोआप बरा होतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

मेहकरजवळ आमचं शेडनेट आहे, जाळीनं बंद केलेलं शेत. त्यात मिरचीचं बियाणं तयार होतं. मादी झाडाची कळी आज दुपारी चिमट्यानं सोलायची, उद्या सकाळी तिला नर झाडाचे परागकण लावायचे. याला क्रॉसिंग म्हणतात. कळी थांबत नाही. एक सकाळ चुकली की तेवढं बी गेलं. किडे शिरू नयेत म्हणून दाराच्या आत आणखी एक दार. त्या कोंदट हवेत बाया खांद्याला खांदा लावून वाकलेल्या असतात.

आधी एका बाईला ताप आला. मग तिच्या ओळीतल्या सगळ्या खोकू लागल्या. मग हे. मिरचीच्या शेतात खोकल्याचं कोणाला काय वाटणार? बायांमधल्या शांताबाईनं यांना चिडवलं, "भाऊ, झाडाले एक मिरची नाई अजून, अन् तुमाले आतापासूनच ठसका?" सगळ्या हसल्या. हेही हसले आणि खोकत राहिले.

यांना साखरेचा आजार होता. ताप चढला तरी गावातल्या डॉक्टरांकडून सुई घेऊन हे पुन्हा जाळीत. मोठ्या दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाले, "क्रॉसिंग होऊ दे, मंग जाऊ. फुलोरा थांबते काय आपल्यासाठी?"

पोळ्याला बैल दारात उभे होते. यांना एक वाक्य एका दमात बोलता येईना. तेव्हा गाडी बोलावली.

सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण. यांचं फार खाली आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "औषध आम्ही देतोच आहोत. पण ते पहिल्या दोन दिवसांत जास्त काम करतं. साखर असलेल्या माणसानं या तापात वाट बघायची नसते."

माझ्या खोलीची खिडकी उघडत नव्हती. ताट दाराशी ठेवून दार लावून घेत. बरोबर आणलेलं पुस्तक उघडायची. तेच पान वाचायची. खाली एका मजल्यावर हे होते आणि मला जिना उतरायची परवानगी नव्हती.

एकदा सिस्टरनं फोन यांच्या कानाशी धरला. मास्कमधून आवाज आला, "कळ्या कोण सोलून राह्यलं?"

बाया आपापल्या घरी तापानं पडल्या होत्या. जाळीत कोणीही नव्हतं. मी म्हटलं, "शांताबाई सोलून राह्यल्या. समदं बराबर हाय."

"हाव," म्हणाले.

त्यानंतर व्हेंटिलेटर लावला, म्हणजे श्वास देणारं यंत्र. मग एका दुपारी डॉक्टर स्वतः वर आले आणि दारातच थांबले. त्यांनी बोलण्याआधीच मला कळलं. मास्क लावून मला खाली नेलं.

घरी बसायला येणारे विचारायचे, सर्दी-तापानं माणूस जाते काय? जातो. घरात साखरेचं, दम्याचं, म्हातारं माणूस किंवा दिवस गेलेली बाई असेल तर ताप येताच डॉक्टरांना दाखवा. धाप लागली तर शेतातलं काम शेतात सोडा. बाकी मला काही सांगता येत नाही. त्या सिस्टरचे मात्र मी आभार मानते. तिनं फोन धरला.

आता घरात मी आणि सासूबाई आहोत. दोघींनी फ्लूची लस घेतली आहे. त्या खोकल्या की मी वाचायचं थांबवते आणि त्यांचा श्वास ऐकत बसते.